सकाळची हवा: उत्तम

१२ ऑक्टोबर १९३७. दुपार.

आजपासून रोजनिशी. मागच्या तीन वह्या अर्ध्या राहिल्या, त्याला कारणं होती. एक पूर्णा जंक्शनच्या बाकावर राहिली. एक पावसात भिजली. तिसरीचा विषयच संपला. या वहीचा विषय संपणारा नाही. विषय: हवा.

अक्काला दमा आहे. पावसाळाभर ती खणखणीत असते. हसते, भांडते, मला कामाला लावते. उन्हाळ्यात काळ्या रानाची माती उडते तेव्हा थोडी खोकते. पण दसरा झाला, हिंगोलीत कापसाच्या गाड्या यायला लागल्या, जिनिंग फॅक्टरी सुरू झाली की तिचा श्वास अर्ध्यावर अडकतो. आम्ही राहतो ती गल्ली फॅक्टरीला लागून. कापसाचा बारीक भुरा माठावर, उशीवर, भाकरीवर. दाजी, म्हणजे तिचे मालक संपतराव, त्याच फॅक्टरीत काट्यावर आहेत.

काल सरकारी दवाखान्याचे डॉक्टर म्हणाले, या हिवाळ्यात बाईंना गल्लीतून हलवा, नाहीतर पौष निघणं कठीण. आणि रोज सकाळ-संध्याकाळची हवा कशी, श्वास कसा, ते लिहून ठेवा.

सीझनमध्ये दाजींना रात्रंदिवस फॅक्टरीतच राहावं लागतं. बाजारच्या दिवशी दुपारी तेवढी सुट्टी. म्हणून जागा शोधायचं आणि लिहायचं काम माझ्याकडे. दाजी म्हणाले, तू रिकामाच हायेस. मी रिकामा नाही. योग्य संधीची वाट पाहून राहिलो. पण वाद घातला नाही.

निश्चय: रोज पहाटे पाचला उठणे. पूर्णेला एका गार्डसाहेबांनी मला सांगितलं होतं, ऑब्झर्वेशन हे पहाटेचंच खरं.

१३ ऑक्टोबर. साडेदहा.

उद्यापासून. आज तयारीचा दिवस धरला.

१७ ऑक्टोबर. दुपार.

दोन जागा आहेत. एक माळावर, मुंजाजी धनगराची मोकळी झोपडी. मुंजाजी आमच्या गोरेगावचाच, अक्काला बाई म्हणतो. दुसरी कयाधू नदीच्या काठी, खाजा मिया बागवानाच्या पेरूच्या बागेतली खोली.

मुंजाजी म्हणाला, बाईला माळावर आणा, आमची पंचफुला हाय संगतीला. मी विचारलं, माळावरच काहून? तर म्हणे, हिवाळ्यात मी मेंढरं माळावरच बसवतो. (रात्री मेंढरं शेतात बसवली की लेंड्यांचं खत मिळतं, त्याबद्दल शेतवाला धनगराला जोंधळे देतो.) पुढे म्हणाला, बागवाले म्हणतात दुप्पट जोंधळे घे पण नदीकाठी बसव, तरी म्या बसवत न्हाई. सकाळच्या पारी कोकरं खोकतात तिथं.

खत हा वेगळा विषय आहे. शिवाय माळाला चढ आहे. निम्म्यात मलाच धाप लागली, म्हणून झोपडी लांबूनच पाहिली. तिथे बाजेवाला बाबूसिंग भेटला. तो क्लॅरिनेट शिकवतो म्हणाला. त्यात दोन तास गेले. फुंकर हीसुद्धा हवाच आहे, म्हणून वेळ वाया गेला असं म्हणता येणार नाही.

१९ ऑक्टोबर. दुपारी दोन.

शोध लागला. नदीवर गेलो होतो. मुंजाजीचीच मेंढरं, दोनशे तरी असतील, सगळी नदीच्या पात्रात. माळ मोकळा सोडून खाली आलेली. जनावराला हवा कळते. वारा झुळझुळ, आकाश धुतल्यासारखं, पेरूचा वास. फॅक्टरीचा धूर दूर वरून सरळ पूर्वेला चाललेला. नदीकडे एक रेघ नाही.

धनगर बोलतो एक, मेंढरं करतात एक. मी मेंढरांवर विश्वास ठेवला.

२५ ऑक्टोबर.

सामान हलवलं. खतीजाबी, म्हणजे खाजा मियांच्या बायकोनं किल्ली दिली आणि विचारलं, रात को भी इधरीच रहते क्या तुम? हम तो थंडी में दिन डूबा की गाव में. सुबू आके पानी देते. रात को इधर नक्को, भाई, सीना पकडता.

या लोकांच्या मनात भुताखेताचं फार. मी तिला हवेविषयी समजावून सांगितलं. ती म्हणाली, हौ, तुम पढे-लिखे. उर्दू शाळेत पाचवीपर्यंत गेलो आहे हे तिला कसं कळलं कोण जाणे.

अक्कानं खोली झाडली आणि म्हणाली, छान हाय रे नागोराव. तू शोधलीस व्हय? मी म्हटलं, व्हय. तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. चोवीस वर्षांचा आहे मी.

२६ ऑक्टोबर. दहा वाजता.

वहीत चार रकाने पाडले. सकाळची हवा. सकाळचा श्वास. संध्याकाळची हवा. संध्याकाळचा श्वास.

पहाटे जाग आली नाही. नवीन जागा. पण आत्ता दहाला बाहेर उभा आहे, हवा निर्मळ आहे. चार-पाच तासांत हवा कितीशी बदलणार? सकाळ: उत्तम.

९ नोव्हेंबर.

दिवाळी झाली. आजपर्यंतच्या सगळ्या सकाळी: उत्तम.

पाचला उठणं जमत नाही, त्याचं कारण मिळालं. फॅक्टरीचा पहाटेचा भोंगा नदीकाठी नीट ऐकू येत नाही. रमजान आहे, गावात पहाटे सहरीच्या जेवणाला उठवायला ढोल वाजतो, त्यावर उठायचं ठरवलं होतं. तोही ऐकू येत नाही. हवेत आवाज वाहून न नेण्याचा दोष आहे. टिपून ठेवलं.

मी पडवीत झोपतो, घोंगडी डोक्यावरून. अक्का आत. सकाळी सकाळी खोकते. घोंगडीतून ऐकू येतं. नवीन पाणी बाधलं असेल.

१९ नोव्हेंबर. अकरा.

ऑब्झर्वेशनचा एक नवा प्रकार सुरू केला होता. ओला पांढरा पंचा काठीला बांधून ठेवायचा. हवेत काजळी असेल तर त्यावर बसणार. रोज उठल्यावर बांधतो, दिवे लागायच्या आत काढतो. आठ दिवस पंचा दुधासारखा.

काल काढायचा विसरलो. नरसीला कीर्तनात कोणी नवीन बुवा आलेत म्हणून गेलो होतो, उशीर झाला. आज उठून पाहतो तर पंचा चुलीजवळच्या फडक्यासारखा. बोट ओढलं तर रेघ उठली. अक्काला विचारलं, तू याच्याखाली चूल पेटवलीस का? म्हणाली, न्हाई. मग थांबून म्हणाली, पेटवली असंल. धुऊन टाकते.

प्रयोगाच्या वस्तूला घरच्यांनी हात लावू नये, असं जरा कडक बोललो. पंचा तिनं धुतला. तिच्या उशीचा अभ्रापण वाळत होता. रोजच असतो. स्वच्छतेचं तिला वेडच आहे.

६ डिसेंबर.

काल ईद झाली. खतीजाबीनं शीरखुर्मा आणून दिला. अक्काकडे पाहून म्हणाली, रंग कैसा हो गया बाई तेरा, मट्टी जैसा. सणाच्या दिवशी असं बोलू नये.

थंडी वाढली. रात्री वारा अजिबात नसतो, पान हलत नाही. याला मी शांतता म्हणतो. शांत हवा दम्याला चांगली.

अक्का हल्ली तोडून तोडून बोलते. नागोराव. वाटीभर. पाणी दे. पूर्वी एका दमात मला चार शिव्या द्यायची. स्वभाव निवळला आहे.

श्वासाचा रकाना: सकाळी मध्यम, संध्याकाळी बरा. सकाळी मध्यम असण्याची कारणं शोधून राहिलो. संशय दह्यावर.

१४ डिसेंबर. बाजाराचा दिवस.

दाजी आले होते. अक्काशी बराच वेळ हळू आवाजात बोलत होते. मी जवळ गेलो की गप्प. मग मला विचारलं, नागोराव, सकाळच्या पारी धूर असतो का रे हितं? मी वही उघडून दाखवली. पन्नास सकाळी, पन्नास वेळा उत्तम. दाजींनी वहीकडे पाहिलं, मग अक्काकडे पाहिलं. अक्का म्हणाली, उठतो की तो. रोज उठतो.

बहिणीनं भावाची बाजू घेतली, एवढंच. मनाला मात्र कुठेतरी टोचलं. उद्यापासून पाच वाजता. शप्पथ.

१५ डिसेंबर. दहा.

शप्पथ रात्री घेतलेली असेल तर ती दुसऱ्या दिवसापासून मोजतात.

२६ डिसेंबर.

वसमतकडे हट्ट्याला कुस्त्यांचा फड आहे. मोहियोद्दीन नावाचा पैलवान येणार म्हणून सगळी हिंगोली चालली. जायचं नव्हतं. पण वसमतकडची हवा कशी आहे तेही पाहायला हवं, तुलना नको का? अक्का म्हणाली, जा. ये मात्र लवकर.

३० डिसेंबर. दुपार.

हट्ट्याला जरा जास्त राहणं झालं. कुस्ती बरोबरीत सुटली, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा लावली. तिकडची हवा पाहायची राहिली.

परत आलो तर खतीजाबी दारात कमरेवर हात ठेवून. म्हणाली, आ गये नवाब? तुम्हारी बहन दो सुबू से ऐसी बैठी थी, घुटने पकड के, होंट नीले. मैं पीठ घिसते बैठी. और तुम पैलवानां देखते. मी म्हटलं, मला निरोप का नाही पाठवला? म्हणाली, किस कू भेजती, मेंढे कू?

अक्का म्हणाली, न्हाई रे. एवढं न्हाई. झालं काही.

गैरहजेरीतल्या चार दिवसांचे रकाने भरले. सकाळ: उत्तम. भरताना हात जरा थांबला. पण मध्येच रकाने रिकामे सोडले तर सगळ्या ऑब्झर्वेशनला काही अर्थ राहत नाही.

१० जानेवारी १९३८.

अक्काला गाडीतून डॉक्टरांकडे नेलं. दाजींना सुट्टी नव्हती, मी आणि ती दोघंच. डॉक्टरांनी वही मागितली. शांतपणे पानं उलटत गेले. इतकं नीट लिहून आणणारा तुम्हीच पहिला, म्हणाले. माझी छाती फुगली.

मग त्यांनी अक्काला विचारलं, बाई, त्रास पहाटेच जास्त होतो ना? मग पहाटे तिथे धूर, धुकं, काही? यांनी तर रोज उत्तम लिहिलंय.

अक्कानं माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातातली टोपी मी फिरवत होतो. ती म्हणाली, लिव्हलंय ते. बराबर हाय.

डॉक्टर म्हणाले, मग हवेचा दोष नाही. छातीतच काही दुसरं असेल. जागा बदलू नका, आहे तिथेच राहा. दही बंद, हे औषध, पंधरा दिवसांनी या.

दह्याचा माझा संशय खरा ठरला. पण परत येताना गाडीत आनंद झाला नाही. अक्काला प्रत्येक दचक्याला धाप लागत होती. गाडीवाला बैलांना हळू हळू म्हणत होता.

११ जानेवारी.

डॉक्टरांना जाऊन सांगायला पाहिजे. काय सांगायचं ते लिहून काढलं: डॉक्टरसाहेब, सकाळची हवा मी पाहिलेली नाही. एक ओळ आहे. पण नुसतं जाऊन हे सांगण्यात काय अर्थ? आधी एक सकाळ खरोखर पाहायची, मग पुराव्यानिशी सांगायचं. म्हणजे उद्या पाच वाजता उठणं, उद्याच दवाखाना.

१२ जानेवारी. पावणेदहा.

परवा संक्रांत आहे. सणानंतर.

१९ जानेवारी. दहा वाजता.

महत्त्वाची नोंद! उठलो तर अक्का घरात नाही. अंथरूण गुंडाळलेलं नाही, चूल थंड. म्हणजे सकाळीच फिरायला बाहेर पडली. तीन महिन्यांत पहिल्यांदा! मी म्हणतच होतो, हवा सावकाश काम करते. श्वासाच्या रकान्यात प्रथमच लिहिलं: उत्तम.

तोच दिवस. दुपारी दोन.

फिरायला गेली नव्हती.

खतीजाबी पहाटे बागेत पाणी द्यायला आली तेव्हा अक्का दारात आडवी झाली होती. डोळे उघडे, पण बोलणं नाही. खतीजाबीनं हाका मारल्या. मला मारल्या, म्हणते, चार-पाच. घोंगडी ओढली. मी कूस बदलली. मग तिनं खाजा मियांना ओरडून बोलावलं, भाजीचा गाडा रिकामा केला, अक्काला त्यात घातलं आणि गाडा थेट माळावर, मुंजाजीच्या झोपडीकडे. इथनं वर काढायचं, एवढंच तिला ठाऊक होतं. हे सगळं माझ्यापासून दहा हातांवर झालं. मुळ्याच्या जुड्या अजून पडवीसमोर पडल्या आहेत.

वर चाललो आहे.

२० जानेवारी. माळ.

अक्का जिवंत आहे. भिंतीला टेकून बसली आहे. पंचफुलाबाई, मुंजाजीची बायको, तिला गरम पाणी पाजते. मुंजाजी एवढंच म्हणाला, या, शास्त्री.

२२ जानेवारी. पहाट.

पंचफुलाबाईनं घोंगडी ओढून घेतली आणि परत दिली नाही. म्हणून उठलो. बाहेर आलो.

इथे माळावर चांदण्या अजून स्वच्छ. हवा कोरडी, गार, नाकाला झोंबणारी. खाली हिंगोली नाही. गाव जिथे असायला पाहिजे तिथे राखेच्या रंगाचं एक तळं साचलेलं. फॅक्टरीची चिमणी वर तेवढी दिसते. तिचा धूर थोडा वर जातो, थबकतो, आणि वारा नाही म्हणून उतारानं खाली येतो. गावातल्या चुलींचा, शेकोट्यांचा, गोवऱ्यांचा, वीटभट्टीचा, सगळा धूर पाण्यासारखा उताराला लागतो आणि नदीकडे जाऊन बसतो. सगळ्यात दाट तिथे. खाजा मियांची बाग दिसतच नव्हती. आमची खोली कुठे असेल ते बोटानं दाखवता आलं नाही.

मुंजाजी मेंढरं मोजत होता. म्हणाला, ऊन आलं की उचलतंय ते. दहा वाजंपर्यंत काहीच राहत न्हाई. उन्हाळ्यात वारा असतो, पावसाळ्यात धुपून जातं. पण हिवाळ्यात रातभर तिथंच मुरतं. दुपारी पाण्यावर न्यावी लागतात मेंढरं, तेवढ्यापुरतं जातो म्या तिथं.

पाण्यावर. मेंढरं नदीत पाणी प्यायला जात होती.

दहा वाजता पुन्हा पाहिलं. सगळं निर्मळ.

२४ जानेवारी.

अक्का आज एक पूर्ण वाक्य बोलली. नागोराव, त्या कोकराला बाजूला घे, माझ्या पदराला तोंड लावून राहिलं. एका दमात. तीन महिने मी तिची अर्धी अर्धी वाक्यं ऐकत होतो आणि स्वभाव निवळला असं लिहीत होतो.

या सगळ्याचा एक मोठा रिपोर्ट तयार करून वरच्या साहेबांना पाठवावा असं मनात आहे. उंच जागा, सखल जागा, तिन्ही ऋतू, नकाशासह. नकाशासाठी रंगीत पेन्सिली लागतील. बाबूसिंगचा भाऊ पेन्सिली विकतो.

२५ जानेवारी. बाजाराचा दिवस.

दाजी माळावर आले. मी ठरवून टाकलं होतं. त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, दाजी, वहीतल्या सकाळी खोट्या आहेत. एकही पाहिलेली नाही.

वाटलं, मारतील. दाजी म्हणाले, माहीत हाय.

मग म्हणाले, रोज पहाटे फॅक्टरीच्या दारातनं दिसतो की मला धूर कुठं जातो ते. डिसेंबरातच म्हटलं हिला, चल माळावर. ऐकंना. म्हणाली, नागोराव पहिल्यांदा कशाला तरी चिकटून राहिलाय. जागा चुकली म्हटलं तर उठून जाईल पुन्हा पूर्णेला न्हाईतर कुठं. दोन महिने एका जाग्याला हाय माझा भाऊ. मग दवाखान्यातनं आल्यावर हिनंच सांगितलं, डॉक्टरनंच जागा बदलू नका म्हटलंय. तिथं माझं तोंड बंद झालं.

दाजी तंबाखू मळत राहिले. मग म्हणाले, तुला मारून काय उपयोग?

अक्काजवळ जाऊन बसलो. विचारलं, काहून असं केलंस? जीव गेला असता तुझा. ती सुपातले जोंधळे निवडत होती. वर पाहिलं नाही. म्हणाली, मला वाटलं, उठशील एखाद्या दिवशी.

मग मोठ्यानं सगळ्यांसमोर जाहीर केलं: माळावर पाणी नाही, पंचफुलाबाई रोज पहाटे खालच्या विहिरीवरून दोन हंडे आणते. उद्यापासून ते मी आणणार. पाच वाजता. पंचफुलाबाई म्हणाली, बरं झालं, उद्या मला मेंढरांमागं जायचंच हाय. मुंजाजीला सांगून ठेवलं, मला हलव.

२६ जानेवारी. साडेनऊ.

हंडे भरलेले आहेत.

पंचफुलाबाई मेंढरांमागे गेलेली. पाणी आणायला अक्का गेली होती. मोठा हंडा जमला नाही, म्हणून कळशीनं खेपा केल्या. चढताना वाटेत तीनदा बसली, मुंजाजी सांगतो. तो मला हलवायला आला होता, दोनदा. अक्कानंच त्याचा हात धरला. म्हणाली, निजू द्या, थकलंय पोरगं.